उजव्या हाताला टेकडी

मी बूट बोलतोय. डावा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आपल्या लोकांत डाव्याचा मान दुसरा. नव्या घरात शिरायचं तर उजवं पाऊल आधी, माप ओलांडायचं तेही उजव्यानं. माझा जोडीदार उजवा यावर भलताच फुशारतो. पण ही हकिगत माझी आहे. त्यानं मध्ये तोंड घालू नये.

जाड तपकिरी चामडं, लाल लेस, असे आम्ही एक्क्याऐंशी साली अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या एका दुकानातून राजीवच्या घरी आलो. ऑफिसातली मंडळी शनिवारी डोंगर चढतात म्हणून यालाही हुक्की आली होती. चढला दोनदा. मग लॉन कापणं आलं, गाडी आली, आणि आमची रवानगी गॅरेजात झाली. तीन वर्षं मी नुसती धूळ खाल्ली. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याचे वडील आले. त्र्यंबकराव, संगमनेरचे निवृत्त मास्तर. ऑक्टोबरची थंडी पडली तशा त्यांच्या चपला निरुपयोगी झाल्या, आणि राजीवनं आम्हाला पुसून त्यांच्यापुढे ठेवलं. आम्ही त्यांना चांगलेच मोठे होत होतो. पण मुलानं दिलेली वस्तू, म्हातारा बोलेल कसा? लोणच्याची बरणी ज्या मराठी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, त्याचे बोळे त्यांनी गुपचूप आमच्या पुढच्या टोकात कोंबले. लेस बांधायची सवय नव्हती, म्हणून पायजम्याच्या नाडीसारखी सुरगाठ मारली. माझ्या पोटात मोहरी-हिंगाचा वास भरून राहिला. मला तो आवडला.

एका रविवारी दुपारी राजीव आणि त्याची बायको सुलेखा त्यांना घेऊन जवळच्या टेकडीवर निघाले. टेकडीला पूर्ण वळसा घालून पुन्हा पार्किंगपाशी येणारी, पाच मैलांची वाट. दोघं डिकीतून दशम्या आणि थर्मास काढत होती.

“मी हळूहळू पुढे होतो,” बाबा म्हणाले.

“हो, व्हा ना. फक्त ॲरो फॉलो करा. सर्कलच आहे, चुकायचा प्रश्नच नाही,” राजीव म्हणाला.

वाटेच्या तोंडाशी पाटीवरचा बाण उजवीकडे होता. बाबांनी चष्मा वर करून तो नीट पाहिला. मग टेकडीकडे पाहून हात जोडले आणि डावीकडची वाट धरली. टेकडी त्यांच्या उजव्या हाताला आली. गावच्या देवळाला रोज अकरा प्रदक्षिणा घालणारा माणूस तो, दुसरीकडून जाणारच नव्हता.

अर्धा मैल छान गेला. मग उतारावर, ओल्या पानांखालच्या दगडात मी अडकलो. सुरगाठ सुटली. पाय माझ्यातून निसटला, घोटा मुरगळला आणि बाबा खाली बसले ते बसलेच. चूक माझी होती. मला तेवढा एक पाय धरून ठेवता आला नाही.

दोन तास झाले. ऊन टेकडीमागे गेलं, बाबांची बोटं गार पडली. लांबून, टेकडीच्या पलीकडून, “बाबाऽ” अशी हाक येत होती. बाबाही ओ देत होते, पण त्यांचा आवाज चार झाडांपलीकडे जात नव्हता.

तिकडे काय झालं ते मला नंतर राजीव-सुलेखाच्या बोलण्यातून कळलं. राजीव बाणाच्या दिशेनं अर्ध्या वाटेपर्यंत पळत गेला. बाबांना एवढं चालणं शक्य नाही म्हणून तसाच मागे फिरला. पार्किंगमध्ये आला तेव्हा रडकुंडीला आला होता. “पोलिसांना फोन करू या. वाटेवरच्या त्या तळ्यात तर...”

“थांब यार,” सुलेखा म्हणाली. “राजीव, बाबा टेकडी डाव्या हाताला ठेवून जातील का कधी?”

दहा मिनिटांत दोघं आमच्यापाशी होती.

“बाबा, ॲरो दिसला नाही का तुम्हाला?” राजीव ओरडलाच.

“दिसला की. पण तो उलटा होता.”

राजीवनं मला उचललं. आतले बोळे पाहिले. त्याचा राग तिथेच गळून पडला. “मोठे होतात हे सांगायचं तरी, बाबा.”

“तू दिलेस ना,” बाबा म्हणाले.

डिसेंबरात ते परत गेले. आम्ही पुन्हा गॅरेजात. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत संगमनेरहून फोन आला. इथे बर्फानं विमानं अडली होती, राजीव पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

एप्रिलच्या एका सकाळी त्यानं मला खाली काढलं. बोळा अजून आत होता. त्यानं तो नाकाशी धरला, मग घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि आम्हाला पायात चढवलं. त्याच्या मापाचेच आम्ही, बरोबर बसलो. बाणापाशी तो बराच वेळ उभा राहिला. मग हात जोडून डावीकडे वळला. समोरून येणारे लोक हसून सांगत होते, तुम्ही उलटे चाललात. तो नुसती मान हलवत होता. त्या दगडाशी थांबला आणि लहान मुलासारखा रडला.

आता एकोणनव्वद चाललंय. माझा तळ झिजलाय, टाच उसवलीय, पण वर्षातून एकदा आम्ही जातो. राजीव, अजून एखादं वर्ष मी काढीन. फक्त त्या उतारावर माझी लेस एकदा घट्ट कर. तो पाय मला पुन्हा सोडायचा नाही.