धाकटीचा वाजणारा पक्षी

आई मातीची खेळणी करायची. जाताना तिने आम्हा दोघी बहिणींसाठी एकेक पक्षी ठेवला. माझा मुका. धाकटीचा मात्र हलवला की खुळखुळतो. "आईने माझ्यासाठी आत काहीतरी ठेवलंय," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आणि नेमका माझ्याच कानाशी आणून वाजवते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. आजारपणात आईच्या उशाशी बसले मी, आणि ठेवा मात्र हिला!

मी कारखान्यात ओतीव भागांचं सीटी स्कॅन करते. यंत्राच्या पेटीत तबकडी असते. तिच्यावर भाग गोल फिरतो, क्ष-किरणांनी त्याची चहूबाजूंनी चित्रं निघतात आणि संगणक त्याच्या आतल्या चकत्या दाखवतो, पाव कापल्यासारख्या. काही फोडावं लागत नाही. मग काय, "रंग उडालाय, रंगवून आणते," अशी थाप मारून मी धाकटीचा पक्षी उचलला.

"फक्त रंगच ना?" तिने दोनदा विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत पक्षी तबकडीवर ठेवला. शेजारचा मोजमापवाला म्हणाला, "काय ताई, अंडं आहे का बघताय?"

"तुम्ही तुमचा डबा बघा."

पहिलं चित्र पार फिसकटलं. आत काही सैल असेल तर ते फिरताना घरंगळतं, हे नवख्यांना मीच शिकवते, आणि रागाच्या भरात मीच विसरले. पक्षी चोचीवर उलटा केला आणि थर्मोकोलमध्ये घट्ट बसवला. आतली वस्तू चोचीत जाऊन बसली.

आता दिसला एक लख्ख पांढरा गोळा. माती इतकी पांढरी दिसत नाही, लोखंड दिसतं. सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा! पोटाखाली ड्रिलने पाडलेलं सरळ भोक, त्यात रंगाऱ्याची लांबी भरून वरून रंग फासलेला. आईकडे ड्रिल कधीच नव्हतं. धाकटीच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे.

म्हणजे हिचाही मुकाच होता! मी एकटीच खदखदून हसले. आता हिची चांगली जिरवायची, असं ठरवूनच संध्याकाळी रंगवलेला पक्षी घेऊन तिच्याकडे गेले.

तिने तो हातात घेतला आणि आधी उलटा करून पोट पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तायडे, तुझा कधीच वाजला नाही ना? थोडासुद्धा?"

"का गं?"

"शेवटी आईला तूच लागायचीस. मी पाणी पुढे केलं तरी म्हणायची, मोठीला बोलाव."

जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. म्हटलं, "नाही गं वाजत. तुझाच वाजतो."

तिचा चेहरा खुलला. तिने पक्षी माझ्या कानाशी आणला आणि खुळखुळ वाजवला. आत काय आहे ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी माझा जळफळाट व्हायचा तो झालाच.