तीन रेघा

नवी इमारत बघायला गेलो की आपण रंग बघतो, फरशी बघतो, पंखा किती कुरकुरतो तेही बघतो. दारातल्या पायऱ्या मात्र कुणी बघत नाही, कारण आपले पाय त्या आपोआप चढतात. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका मुलाचं असंच झालं, आणि ते त्याच्या आईलाच भोवलं.

आईने जन्मभर एकाच शाळेत भूमिती शिकवली. बाईंनी फळ्यावर नुसत्या हाताने काढलेलं वर्तुळ बघून पोरं कंपास पेटीत ठेवून द्यायची. पुढे अर्धांगाचा झटका आला, पाय गेले, चाकांची खुर्ची आली. जीभ मात्र होती तशीच तिखट राहिली. शाळेने नवं सभागृह बांधायचं ठरवलं, तेव्हा नकाशा मुलाने काढला. उद्‌घाटनाला बाईंनी चार शब्द बोलायचे ठरले. आठवडाभर ती स्वयंपाकघरात भांड्यांसमोर भाषणाची तालीम करत होती. किती वर्षांनी तिला वर्ग मिळणार होता!

सभागृहाच्या दारात तीन पायऱ्या होत्या.

"अहो बाई, त्यात काय? चौघं जण उचलतो की," मुख्याध्यापक म्हणाले. ते तिचेच जुने विद्यार्थी.

"चौघांनी उचलायला अजून वेळ आहे रे," ती म्हणाली. "तोवर माझी मला जाऊ दे."

लोक हसले. ती हसली नाही. कार्यक्रम तिच्याविना झाला आणि ती बाहेर भिंतीच्या सावलीत बसून टाळ्या ऐकत राहिली. मुलगा शेजारी मान खाली घालून उभा होता.

घरी आल्यावर तिने नकाशा मागवला. मुलाने तो जेवणाच्या टेबलावर पसरला.

"या तीन रेघा कसल्या?"

"पायऱ्या."

"आणि त्यांची उंची?"

"नकाशात लांबी-रुंदीच असते, आई. उंची उभ्या छेदात दाखवतात."

"काढला होतास?"

"दाराचा नव्हता काढला. घाई होती. म्हटलं, तीनच तर पायऱ्या आहेत."

"घरच्या उंबऱ्याला फळी ठोकलीस, तिथे बरं सुचलं?"

"घरात तू असतेस म्हणून..." तो बोलता बोलता थांबला.

"आणि बाहेर मी नसतेच, असं धरून चाललास." ती शांतपणे म्हणाली. "रेषेला रुंदी नसते, प्रतलाला जाडी नसते, हे मीच तुला शिकवलं. पण ते कागदावर, राजा. माणूस तीन मितींत राहतो. तुझी रेघ माझ्यासाठी भिंत झाली. आणि मी काय एकटी आहे? गुडघे धरलेले म्हातारे आहेत, पाय मोडलेली पोरं आहेत. प्रत्येकाने चौघं कुठून आणायचे?"

मुलाला रडू आवरेना. त्याने दुसऱ्याच दिवशी उताराचा आराखडा काढला, या वेळी आधी उभा छेद. पण शाळेत आज करू, उद्या करू, सुट्टीत बघू असं चाललं. एकदाचं काम लागलं आणि इकडे आईला ताप भरला, तो छातीत उतरला. उताराचं सिमेंट वाळायच्या आत ती गेली.

शेवटी चौघांनी तिला उचललंच. या वेळी ती काही बोलली नाही.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. मुलाने रिकामी खुर्ची ढकलत आणली. उतारावरून ती एका हाताने, सहज वर गेली. ते बघून मुख्याध्यापकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मुलाने खुर्ची पहिल्या रांगेत लावली. बोलायला उठला तेव्हा त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "आईला आत यायचं होतं हो."

मंडळी, आजवर जो आपल्या दारात आला नाही, त्याला यायचंच नव्हतं असं समजू नका. कदाचित आपणच त्याला मोजलं नसेल. आज घरी, कचेरीत, दुकानात जाल तेव्हा आपल्या दारातल्या पायऱ्या एकदा बघा. आणि उतार बांधायचा असेल तर ज्याला आत यायचंय तो आहे तोवर बांधा.