एक मात्रा

धाकट्या बहिणीचं पत्र एकोणीस दिवस माझ्या शब्दकोशात पडून होतं.

"दादा, आतड्याच्या सुजेसाठी नवे जिवाणू देतायत. पत्रक तुमच्याच छापखान्यातलं, म्हणजे तुझ्या नजरेखालून गेलेलं. त्यात 'सूज हरणारे जिवाणू' असं वाचलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं. बरोबर केलं ना?"

मी मुद्रितशोधक. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. मूळ प्रत शोधून पाहिली, तर तिथं 'हेरणारे' होतं. छापताना एक मात्रा गळली होती आणि 'छापायला हरकत नाही' याखाली सही माझी होती.

पत्रक घेऊन प्रयोगशाळेत गेलो.

"काका, आमचे जिवाणू म्हणजे नुसते चुगलखोर," संशोधक बाई म्हणाल्या. "त्यांच्या जनुकांत आम्ही एक कळ बसवलीय. सुजेची खूण लागली की ती दाबली जाते आणि शौचाला निळा रंग येतो. आत सूज आहे, एवढंच कळतं. बरं करणं त्यांच्या हातात नाही."

"म्हणजे हरत नाहीत?"

"हरतो आपण," त्या कसनुशा हसल्या. "आजच सगळ्या रुग्णांना कळवते."

त्यात माझी बहीण आहे, हे काही माझ्या तोंडातून निघालं नाही.

शनिवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, काल निळं आलं. डॉक्टर म्हणतात, आधीच उशीर झालाय, लगेच ऑपरेशन करा. पत्रकात चूक होती, हेही सांगितलं त्यांनी. पण आई ऐकते कुठं! म्हणते, दादानं तपासलेलं चुकायचं नाही, त्याचं उत्तर येऊ दे. आता तुम्हीच सांगा."

मग बहिणीचा आवाज आला, थकलेला पण खूश. "दादा, निळं आलं बघ! लागले कामाला!"

"जेवलीस का?" मी विचारलं.

"दोन घास. ते राहू दे, पत्राला उत्तर दे की शहाण्या!"

"देतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं, 'धाकटे, हरणारे नव्हे, हेरणारे. चूक माझी. निळं म्हणजे सूज आहे. आजच दवाखान्यात जा.' मात्रा तीनदा तपासल्या.

कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकलं. तळाशी पडल्याचा आवाज आला. मग सवयीनं पेटीवरची पाटी वाचली, अक्षर न् अक्षर. एकही चूक नव्हती. पुढचं टपाल सोमवारी सकाळी निघणार होतं.

पत्रात मी 'आजच' लिहिलं होतं.