डावा खांदा

"जरा सरक गो प्रिती, तुझ्या अंबाड्यामागं अर्धं मैदान गेलं," नलू म्हणाली, आणि खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या बायका हसल्या.

प्रिती शेजारच्या घरातली सून. मांडीवर चार महिन्यांचं बाळ झोपलेलं, त्यामुळे तिला सरकायचं म्हणजे आधी बाळाचं डोकं, मग पाय आणि मग स्वतः, असं हप्त्याहप्त्यानं सरकावं लागलं. शांतीनं चहाचा ट्रे तिच्या डोक्यावरून पलीकडे दिला. आज शांतीच्या एवढ्याशा खोलीत माहीमच्या कोळीवाड्यातली निम्मी गल्ली मावली होती. उरलेली दारात उभी होती.

कारण टीव्ही. एवढा मोठा टीव्ही गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. शांतीच्या मुलानं, स्वरूपनं, दिवाळीत ब्लू हार्बर क्लबच्या पगारातून आणला होता. तो मावेना म्हणून भिंतीवरचा धोंडूचा, म्हणजे त्याच्या बापाचा, फोटो काढून दारावर लावावा लागला. तेव्हापासून घरात येणाऱ्याला धोंडू दिसत नसे, जाणाऱ्यालाच दिसे.

रविवारी दादरच्या मासळी बाजारात बायकांना मान वर करायला फुरसत नसते. तरी शांती आणि नलूनं आज पाट्या लवकर आवरल्या होत्या. शेवटचे बांगड्यांचे वाटे पडेल त्या भावानं देऊन टाकले आणि जाता जाता शांतीनं अख्ख्या रांगेला ऐकवलं, "माझा स्वरूप टीव्हीवर हाय आज. बघा."

"आनि माझा अनिश?" नलूनं कोपर मारलं होतं.

"तो तर खेलनारच हाय. त्याचं काय सांगायचं?"

गंमत अशी, की दोघं एकमेकांसमोरच होते. कोळीवाड्याचा सागरपुत्र फुटबॉल क्लब आणि ब्लू हार्बर. गेल्या वर्षापर्यंत स्वरूप सागरपुत्रचा कीपर होता. तो ब्लू हार्बरकडे गेला तेव्हा त्याच्या जागी नलूचा अनिश उभा राहिला. अनिशला झेप घ्यायला शिकवलं तेही स्वरूपनंच, रेतीबंदरच्या वाळूवर.

"काका, एवढ्या उन्हात कशाला ठेवली ओ मॅच?" प्रितीनं विचारलं. "तीन वाजता, एप्रिलात? पोरं भाजून निघतील."

खोलीतली एकुलती एक खुर्ची रमाकांतकाकांना दिली होती. ते सागरपुत्रचे सेक्रेटरी. आयुष्यभर पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी केलेली. गुडघ्यामुळे आता मैदानात जाता येत नव्हतं.

"आपण नाही ठेवली. चॅनेलवाल्यांनी ठेवली," ते म्हणाले. "संध्याकाळची वेळ दोन मोठ्या क्लबांच्या मॅचला. आपली मॅच दाखवतायत तेच नशीब म्हणायचं. वर्षातून ही एकच."

"एकच?"

"तीही समोर ब्लू हार्बर आहे म्हणून. त्यांच्या सगळ्या दाखवतात. ज्याच्या मॅच जास्त दाखवतात त्याला चॅनेलचा पैसा जास्त. त्या पैशातून ते चांगली पोरं उचलतात. मग ते जिंकतात, म्हणून पुन्हा त्यांनाच दाखवतात. आम्ही मीटिंगमध्ये म्हटलं, सगळ्यांना सारखं वाटा की. तर तिथला एक साहेब म्हणाला, तुम्हाला बघतो कोण?"

"आमी बघतो," दारातून कुणीतरी म्हणालं.

"आज बरोबरी जरी झाली तरी आपण लीगमध्ये राहतो," काका म्हणाले. "हरलो तर खाली. आणि खालच्या लीगमध्ये कॅमेरा येत नाही."

"पन स्वरूपला तर त्यांनी घेतला," नलू म्हणाली, "मंग खेलवत का नाय? वर्सभर नुसता बसवून ठेवलाय."

काकांनी चहात फुंकर घातली. शांतीकडे बघणं टाळलं. "त्यांच्याकडे तीन कीपर आहेत गं. त्यांना चौथा नको होता. आपल्याकडे पहिला असू नये, एवढंच पाहिजे होतं."

शांतीनं ते ऐकलं आणि उगाचच रिकामे कप गोळा करायला घेतले.

मॅच सुरू झाली. बाहेर बाकावर बसलेला माणूस टीव्हीत कसा दिसणार, म्हणून शांती पहिली दहा मिनिटं पडद्याच्या कडाकडांना बघत राहिली. मग तिचंही लक्ष अनिशनं ओढून घेतलं. काय खेळत होता पोरगा. एक चेंडू बोटांच्या टोकांनी वर काढला, एक पायानं अडवला, एक तर छातीवर झेलून तसाच पडून राहिला. नलूनं प्रत्येक वेळी पदराचं टोक तोंडात धरलं आणि सोडलं. मध्यंतराला शून्य शून्य.

"राहतोय बघा आपन," नलू म्हणाली. शांतीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. वीस वर्षं दोघी पहाटे एका टॅक्सीनं मासळीच्या धक्क्यावर जात होत्या, एका लिलावात उभ्या राहत होत्या. अनिशच्या खांद्याची गोष्टही नलूनं त्या टॅक्सीतच सांगितली होती. पंधरा दिवसांपूर्वी होडीवर जाळं ओढताना डावा खांदा दुखावलेला. रोज रात्री ती तेल गरम करून चोळत होती. "कोनाला बोलू नको हां. कोचला कलला तर बसवंल त्याला. दुसरा कीपर हाय कुठं?"

जाहिराती संपल्या. पडद्यावर ब्लू हार्बरचे खेळाडू घोळका करून पाणी पीत होते. मध्ये त्यांचा कोच. त्यानं मागे वळून कुणाला तरी बोटानं बोलावलं, आणि निळं जॅकेट घातलेला, केस नीट विंचरलेला एक मुलगा पुढे आला.

"स्वरूप!" प्रिती ओरडली. बाळ दचकलं. "शांतीमावशी, स्वरूप!"

खोलीभर टाळ्या. दारातल्यांनी आत ढकलाढकली केली. शांती हसली, अगदी तोंडभर. वर्षभर ती याच क्षणाची वाट बघत होती. केवढा दिसत होता. अर्धी भिंत भरून. जरा वाळलाय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

स्वरूप कोचला काहीतरी सांगत होता. आवाज येत नव्हता. त्यानं उजवा हात उचलला आणि स्वतःच्या डाव्या खांद्यावर दोनदा थोपटलं. मग तोच हात खाली, डावीकडे, जमिनीलगत नेला. कोचनं मान हलवली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

कॉमेंट्रीवाला हिंदीत हसून म्हणाला, ये लडका पहले इन्हीं के लिए खेलता था, इसको तो सब पता होगा.

टाळ्या लगेच थांबल्या नाहीत. बऱ्याच जणांना काही कळलंच नव्हतं. शांतीचं हसू मात्र तोंडावर तसंच राहिलं आणि त्याचं काय करावं ते तिला सुचेना.

गेल्या रविवारी फोनवर स्वरूपनं विचारलं होतं, "सगले बरे हायत ना? अनिश बरा हाय?" किती बरं वाटलं होतं तिला. पोरगा मोठ्या क्लबात गेला तरी मित्राला विसरला नाही. त्या आनंदात ती बोलत गेली. खांदा, होडी, तेल, सगळं. "कोनाला सांगू नको हां," असंही म्हणाली होती, नलूच्याच शब्दांत.

तिनं नलूकडे बघितलं नाही. नलू टीव्हीकडे बघत होती.

पहिला गोल डावीकडून, खालून गेला. दुसराही. तिसऱ्याला अनिशनं झेप घेतली, हात अर्ध्यावरच राहिला आणि तो पडल्या जागी खांदा धरून बसला. चॅनेलनं तेही दाखवलं, पुन्हा दाखवलं, मग सावकाश करून दाखवलं. घामानं निथळलेला त्याचा चेहरा त्या पडद्यावर परातीएवढा झाला होता. दात ओठात रुतलेले. नलूच्या घरी टीव्हीचा चौदा इंची डबा होता. तिथं बघितलं असतं तर पोराचं दुखणं एवढं मोठं दिसलं नसतं.

"बंद कर गो," कुणीतरी म्हणालं.

"राहू दे," नलू म्हणाली. "शेवटपर्यंत बघनार मी."

शिट्टी झाल्यावर माणसं आवाज न करता उठली. एवढ्या दाटीतून एकमेकांना धक्का न लावता बाहेर पडली. प्रितीनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि जाताना शांतीच्या दंडाला नुसता हात लावला. रमाकांतकाका भिंतीला धरून उठले. "चला. संपलं एकदाचं टीव्हीचं," एवढंच बोलले.

नलू बसून होती. शांतीनं टीव्ही बंद केला. काळ्या पडद्यात दोघी दिसू लागल्या, म्हणून ती मध्ये उभी राहिली.

"नलू, मीच सांगितलं त्याला."

"माहीत हाय."

"मला वाटलं, मित्र म्हनून विचारतोय."

"मित्र म्हनूनच विचारलं असंल गो तेवा." नलू गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी तुला एकटीलाच सांगितला व्हता शांते. म्हनून लगेच कलला. त्यानं खांद्याला हात लावला तेवाच."

"मंग बसलीस कशाला?"

"उठून गेले असते तर सगल्यांना कलला असता. तुझं काय राहिलं असतं गल्लीत?" ती पदर नीट करत दारापर्यंत गेली. तिथं थांबली. "उद्या टॅक्सीला माझी वाट बघू नको. दगडूचा टेम्पो जातो पहाटचा, त्यातून जाईन मी."

"किती दिवस?"

नलू खाली वाकली. चपला शोधत राहिली. ढिगात एकच जोड उरला होता, तरी तिला वेळ लागला.

शांतीनं खोली झाडली. झाडलेलीच पुन्हा झाडली. दिवेलागणीला फोन वाजला.

"आई," स्वरूपचा आवाज आनंदानं फुटत होता, "कोच म्हणाले, पुढचं वर्ष पक्कं. बोलावून घेऊन सांगितलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला कोनी काय विचारलं ग. बाकी नुसते बाटल्या भरायला सांगतात." पलीकडे कुणीतरी गाणी लावली होती. तिथून तो बाजूला गेला असावा, कारण आवाज एकदम हळू झाला. "आई, मी दिसलो का टीव्हीवर?"

शांती खाटेच्या कडेवर बसली. पलीकडच्या घरात नलू तेल गरम करत होती. ओव्याचा वास भिंतीवरून येत होता.

"नाय रे," ती म्हणाली. "लाईट गेली व्हती."

"मॅचच्या वेळी? पूर्ण वेळ?"

"हं."

"सगल्यांचीच? नलूमावशीकडं पन?"

"सगल्यांचीच," शांती म्हणाली. "कोनीच नाय बघितला. तू जेवून घे."