चौथ्या बोअरची नोंद

"बारा मीटरपर्यंत नुसता चिखल!" इंजिनिअर ऐतालनं ड्रिलमधून निघालेली माती हातमोज्यावर घेऊन दाखवली. "फ्योक्ला मावशी, ही दगडासारखी गोठलेली पाहिजे."

कायम गोठलेल्या जमिनीवर वसलेल्या याकुत्स्कमधल्या इमारतींखालच्या बोअरमध्ये तापमापक सोडायचा आणि आकडा वहीत उतरवायचा, एवढंच काम फ्योक्लानं एकतीस वर्षं केलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी या पाच मजली इमारतीचा कोपरा खचला. दोन माणसं गेली. तिथलाच गरम पाण्याचा पाइप जानेवारीत फुटला होता, म्हणून त्याची देखभाल करणारा प्लंबर गाव्रील कोठडीत होता.

चौकशी समितीचे प्रमुख स्तेपान येगोरोविच गाडीतूनच ओरडले, "अरे, पाइप फुटला, जमीन वितळली, घर बसलं. यात शोधायचंय काय?"

"दोन महिन्यांत बारा मीटर?" ऐताल म्हणाला. "उकळतं पाणी ओतत बसलात तरी होणार नाही, साहेब. तळमजल्यावरच्या दुकानदारानं इमारतीखालची, खांबांमधली मोकळी जागा भिंत घालून बंद केलीय. हिवाळ्याचा वारा आत शिरतच नाही. कितीतरी वर्षं जमीन वितळतेय. ती खचली, म्हणून पाइप फुटला."

"आणि ही वही? मागच्या शरद ऋतूत चौथ्या बोअरमध्ये उणे तीन अंश. त्याच्या आदल्या वर्षीही उणे तीन. वही काय खोटं बोलते?"

साहेबांनी अहवालाचा कागद मांडीवर ओढला.

फ्योक्ला गाडीपाशी आली. त्या भिंतीपायी चौथ्या बोअरपर्यंत पोटावर सरपटत जावं लागे, आणि तिचा गुडघा वाकत नव्हता. पहिल्या वर्षी तिनं जुनाच आकडा उतरवला. पुढं ते अंगवळणीच पडलं.

"वही खोटी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"पाच वर्षं मी तिथं गेलेच नाही. आकडे मनानं लिहिले."

"शुद्धीवर आहात ना, फ्योक्ला इव्हानोव्हना? तो प्लंबर सुटेल आणि तुम्ही अडकाल. दोन माणसं मेलीत!"

"मला सांगताय? त्यातली ओक्सिन्या माझ्या वर्गात होती. कागद द्या इकडं."

बोटं गारठून वळत नव्हती, तरी जबानी तिनं स्वतःच्या हातानं लिहिली.

गाव्रील सुटला. दुकानदारावर खटला उभा राहिला. फ्योक्लाची नोकरी गेली. वय पाहून कोर्टानं तुरुंग तेवढा टाळला.

जूनमध्ये बसथांब्यावर गाव्रील दिसला, तशी ती लांबच थांबली. त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

ती त्या मोकळ्या जागी जाऊन बसली.