कोठीत मावणारा रॅम्प

मित्रांनो, मी एक लाकडी रॅम्प आहे. वयानं तसा फार जुना नाही. पण वापरात नसलेली वस्तू लवकर म्हातारी होते, तसं माझं झालंय.

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला तीन पायऱ्या आहेत. एक मुलगी रोज नेमानं त्यांच्यापाशी व्हीलचेअर थांबवते. खुर्ची भरधाव पळवते म्हणून मैत्रिणी तिला ‘इंजिन’ म्हणतात. ग्रंथपाल बाई तिला पुस्तकं खाली आणून देतात.

“बाई, मला कपाटांमधून हिंडायचंय हो,” ती म्हणायची. “जे पुस्तक मला ठाऊकच नाही, ते मागू कसं?”

तिच्यासाठी सुतारमामांनी मला घडवलं. पायऱ्यांची उंची दीड फूट, चढ सौम्य राहावा म्हणून माझी लांबी अठरा फूट. चाकं घसरू नयेत म्हणून आडव्या पट्ट्या ठोकल्या. मग विटांच्या थराला मला टेकवून, उसन्या आणलेल्या व्हीलचेअरवर बसून मामा स्वतः दोनदा चढले. “खांदे भरून आले नाहीत. जमलं!” म्हणाले आणि गावी गेले.

कोठीवाले काका वस्तू जिवापाड जपणारे. “नवी कोरी वस्तू पावसात सडायची! रोज संध्याकाळी आत ठेवू.” कोठी दहा फुटांची. मी मावेना, तेव्हा काकांनी माझे आठ फूट कापून टाकले.

दुसऱ्या दिवशी इंजिन हसतच आली. निम्म्यावर पोचली आणि पुढची चाकं उचलली गेली. बाईंनी मागून धरलं म्हणून बरं.

“बाई, ही तर घसरगुंडी आहे!” ती म्हणाली. सगळे हसले. ती मात्र चाकं घट्ट धरून उलटी खाली उतरली.

तेव्हापासून मी कोठीत. काका दर सोमवारी मला पुसतात, तेल लावतात. पाहुणे आले की मला पायऱ्यांवर मांडतात. पाहुणे माझ्यावरून पायी चढतात आणि “वा, छान सोय!” म्हणतात.

मामा परतले. कापलेल्या कडेवरून त्यांनी हात फिरवला.

“जोडता येईल का हो?” काकांनी ओशाळून विचारलं.

“येईल की. पण मग कोठीत मावणार नाही.”

“मग ठेवायचा कुठे?”

“अहो, पायऱ्यांवर!”

“साहेबांना विचारून बघतो,” काका म्हणाले. अजून विचारताहेत.

दाराच्या फटीतून मला तिची चाकं ऐकू येतात. थांबतात, जरा वेळानं परत फिरतात. एकदा तरी ती माझ्यावरून आत जावी, एवढीच आस आहे.

मित्रांनो, वस्तू जपावी हे खरंच. पण जिच्यासाठी मला केलं तिच्या उपयोगी पडलो, तरच मला जपलं म्हणायचं. पुढच्या महिन्यात तिची शेवटची परीक्षा आहे. त्याआधी मला जोडा आणि बाहेर मांडून ठेवा. पावसात सडलो तरी चालेल.