चाचणीचं बटण

माझी मतं पुष्कळ आहेत आणि कोणी न विचारता मी ती सांगतो. दारावरच्या घंटीला इंटरनेट कशाला लागतं? कपडे धुण्याच्या मशीनवर अठरा कार्यक्रम असतात, माणूस दोनच वापरतो. उरलेले सोळा कुठल्या तरी साहेबाला खूश करायला घातलेले असतात. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावला की लोक तो चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवतात. अशा वेळी चिठ्ठी चिकटवणाऱ्याला नाही, नियम करणाऱ्याला घरी पाठवायला हवं. असलं सगळं मी दर पंधरा दिवसांनी माझ्या ब्लॉगवर लिहितो. चार-साडेचार हजार लोक वाचतात, त्यातले निम्मे भांडायलाच येतात. बायको म्हणते, "लग्न केलं तेव्हा तुम्हाला एवढी मतं नव्हती. असती तर विचार केला असता."

त्यातल्या एका मताला मात्र मी कोणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. प्रोग्रॅममध्ये अपवाद ठेवायचा नाही. अपवाद म्हणजे भोक, आणि भोक ठेवलं की त्यातून सगळ्यात आधी लबाड माणूस आत शिरतो.

सहा वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यांसाठी आमच्या कंपनीने औषधांचं कपाट बनवलं, त्याचा प्रोग्रॅम माझा. रुग्णाने काचेवर बोट ठेवायचं. बोट जुळलं की त्याच्या औषधाचा खण आपोआप उघडतो. तीनदा जुळलं नाही तर खण त्या दिवसापुरता बंद. तेव्हाच्या बैठकीत एका म्हाताऱ्या औषधविक्रेत्याने विचारलं होतं, "औषधांच्या खिडकीवरचा माणूस रुग्णाला वर्षानुवर्षं ओळखत असेल, तर त्याच्यासाठी एखादं बटण ठेवता येईल का?" मी वीस मिनिटं बोललो. ओळखीच्या नावाखाली काय काय चालतं याची उदाहरणं दिली. शेवटी टाळ्या पडल्या आणि म्हाताऱ्यांनी आपले कागद गोळा केले.

प्रोग्रॅम लिहिताना आम्ही मधेमधे माणसांना वाचायला टिपा लिहून ठेवतो, यंत्र त्या वाचत नाही. खण बंद करणाऱ्या ओळीपाशी मी टीप लिहिली होती: "तीनदा बोट जुळलं नाही, म्हणजे माणूस तो नाही. दुसरी शक्यता नाही."

एक भोक मात्र मीच ठेवलं होतं, कारण ते आमच्यासाठी होतं. कपाट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला खण उघडून बघावे लागतात, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात चाचणीचं एक बटण दिलं होतं. दवाखान्यातल्या माणसाने स्वतःचं बोट लावून ते दाबलं की कुठलाही खण उघडतो. वर्षाकाठी चार-पाच वेळा लागेल, असा माझा हिशेब होता.

मागच्या महिन्यातल्या एका गुरुवारी संचालकांनी मला बोलावलं. खात्याने पहिल्यांदाच कपाटांच्या नोंदी तपासल्या, तर आमच्याच भागातल्या दवाखान्यात गेल्या सहा महिन्यांत तीनशे बारा चाचण्या झाल्या होत्या. सगळ्या एकाच बोटाने, खिडकीवरच्या बाईंच्या. आणि प्रत्येक चाचणीनंतर खणातल्या गोळ्या कमी.

"कुठेतरी पाणी मुरतंय," संचालक म्हणाले. "आरोग्य खात्याने सोमवारी बैठक ठेवली आहे. त्या बाईंना काढायचं जवळजवळ ठरलंय, पोलिसांत द्यायचं की नाही एवढंच बाकी आहे. यंत्र तुमचं आहे, तुम्ही जाऊन बघा आणि अहवाल द्या."

मला राग आला, आणि खरं सांगतो, थोडा आनंदही झाला. सहा वर्षं मी हेच तर ओरडत होतो. शिवाय तो दवाखाना माझ्या आईचा. तिचं रक्त पातळ ठेवायची गोळी दर पंधरवड्याला तपासणी करून तिथूनच मिळते, आणि त्या गोळीत खंड पडून चालत नाही. माझ्या आईच्या कपाटात कोणी हात घालतंय म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती खुर्चीत बसून जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालत होती. तिला हात रिकामे ठेवता येत नाहीत. तीस वर्षं तिने पुस्तकं बांधायच्या कारखान्यात छापील कागदांना घड्या घातल्या. रोज हजारो कागद, प्रत्येक घडीवरून बोटाचं टोक दाबत न्यायचं. बाबा लवकर गेले, त्यामुळे माझं इंजिनियरिंग त्याच घड्यांवर झालं. चुकीचे छापलेले कागद ती घरी आणायची. माझं पहिलं गणिताचं पुस्तक तिनेच अशा कागदांचं शिवलं होतं, त्यात सतरा ते बत्तीस ही पानं दोनदा होती. तेवढी गणितं मला अजून तोंडपाठ आहेत.

"खिडकीवरच्या त्या?" आईने विचारलं. तिचे हात थांबले होते. "चांगली आहे रे ती पोर."

"चांगली माणसंच जास्त हुशारीने चोरतात."

"तिला काढणार?"

"मी अहवाल दिला की काढतील. तुझं बोट लागतं ना नीट?"

आईने वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "मला मिळतात गोळ्या," ती म्हणाली. "माझी नको काळजी करूस."

मी इंजिनियर आहे. विचारलं एक आणि उत्तर आलं दुसरंच, हे प्रोग्रॅममध्ये माझ्या ताबडतोब लक्षात येतं. आईच्या बाबतीत आलं नाही.

शुक्रवारी सकाळी दवाखाना उघडायच्या वेळेला मी पोचलो. खिडकीवरच्या बाई चाळिशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, बोलणं तुटक. मी म्हटलं, "यंत्राच्या कंपनीतून आलोय, तपासायला." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच खालच्या खणातून एक जाड वही काढून समोर ठेवली.

"बरं झालं, कोणीतरी आलं," त्या म्हणाल्या.

मी सारवासारव ऐकायच्या तयारीने गेलो होतो. वहीत पानापानावर रकाने आखलेले. तारीख, औषध, किती गोळ्या, बोट किती वेळा लावून पाहिलं, घेणाऱ्याची सही आणि शेवटी बाईंची सही. सहा महिन्यांच्या नोंदी मी दोनदा मोजल्या. तीनशे बारा. एका गोळीचाही फरक नव्हता.

"बोट न लागणारी एकोणचाळीस माणसं आहेत," बाई म्हणाल्या. "एक गवंडी, दोघी हॉटेलात भांडी घासतात, बाकीचे बरेचसे म्हातारे. यांची बोटं झिजलीत, साहेब. यंत्राला काही दिसतच नाही. काय करायचं? साखर वाढलेल्या माणसाला सांगायचं, तू तू नाहीस म्हणून?"

"वर कळवायचं होतं."

"नऊ वेळा कळवलं." त्यांनी वहीच्या मागे चिकटवलेली उत्तरं दाखवली. नऊही सारखी. 'बोट स्वच्छ पुसून पुन्हा प्रयत्न करा.' ते आपोआप जाणारं उत्तर आहे. तेही मीच लिहिलं होतं, एका दुपारी, चहा पिता पिता.

मी नजर चुकवायला म्हणून बाजूला पाहिलं, तर खिडकीजवळ कागदी पुड्यांची चळत होती, सुट्या गोळ्या घालून द्यायला. मी त्यातली एक उचलली. कडेला कड बरोब्बर लागलेली, आणि वरचा कोपरा आत दुमडून पुन्हा बाहेर काढून खोचलेला, म्हणजे डिंक लागत नाही. शाळेचा डबा मी दहा वर्षं असल्याच कागदात बांधून नेला आहे. तो कोपरा अशा तऱ्हेने खोचणारं माणूस मला जगात एकच ठाऊक आहे.

"या पुड्या कोण करतं?" मी विचारलं.

"आमच्या एक आजी आहेत. त्यांचंही बोट लागत नाही. त्यांची गोळी अशी की चुकली तर जिवावर बेतायचं. मग गर्दी ओसरेपर्यंत त्यांना बसावं लागतं, मला वही भरायला वेळ मिळाला की देते. तोवर त्या पुड्या करतात. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत." बाई पहिल्यांदाच जरा हसल्या. "किती वर्षं झाली हो याला? पाच तरी. त्यांना एकदा म्हटलं, मुलाला सांगा, मुलगा इंजिनियर आहे म्हणता. तर म्हणाल्या, हे यंत्र त्यानेच केलंय, त्याला कळू द्यायचं नाही. एवढं मन लावून केलंय, त्याला वाईट वाटेल."

मी तिथल्या बाकावर बसलो. बहुधा याच बाकावर आई बसत असणार.

आणि मग मला तो दिवस आठवला. कपाटाचं उद्घाटन याच दवाखान्यात झालं होतं आणि पहिलं बोट कौतुकाने आईचं नोंदवायला घेतलं होतं; नोंदवताना तीनदाची अट नसते. दहा वेळा लागलं नाही. फोटो काढणारा खोळंबला होता. मी तिचं बोट माझ्या हाताने काचेवर दाबून धरलं, अकराव्या वेळी लागलं. मी सगळ्यांना सांगितलं, हाताला घाम असेल. यंत्राने मला दहा वेळा सांगितलं होतं, माझ्या आईच्या बोटाने सांगितलं होतं, आणि मी घाम म्हणालो. जी बोटं माझ्या शिक्षणापायी गुळगुळीत झाली, तीच माझ्या यंत्राला चालत नव्हती. मला रडू आलं. बाईंनी न विचारता पाण्याचा पेला पुढे केला.

"त्या आजी माझी आई," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मला नीट पाहिलं. "पुडीच्या कोपऱ्याला हात लावलात तेव्हाच वाटलं," त्या म्हणाल्या. मग हलक्या आवाजात, "माझी नोकरी जाणार आहे ना?"

"माझं चाललं तर नाही." मला त्यांचे आभार मानायचे होते. पाच वर्षं, दर पंधरवड्याला, माझ्या आईला जिवंत ठेवल्याबद्दल कोणते शब्द वापरतात ते मला येत नव्हतं. मी नुसतं म्हटलं, "बाई, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

अहवाल मी त्याच दिवशी लिहिला. एकच पान. चोरी झालेली नाही, वही सोबत जोडली आहे. दोष प्रोग्रॅममध्ये आहे, अमुक ओळीत आहे, ती ओळ मी लिहिली आहे, आणि ती चुकीची असल्याचं मला पहिल्याच दिवशी समोर दिसलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी नियम मोडला नसता तर एकोणचाळीस माणसांना औषध मिळालं नसतं. त्यातली एक माझी आई आहे, हेही लिहिलं, कारण लपवलं असतं तर ते पुन्हा पाण्यासारखं मुरलं असतं.

सोमवारच्या बैठकीत संचालकांनी ते पान दोनदा वाचलं. "तुम्ही स्वतःविरुद्धच लिहिलंय," ते म्हणाले.

"यंत्र माझं आहे, तुम्हीच म्हणालात."

खात्याचे अधिकारी म्हणाले, "पण उद्या असं बटण दिलं आणि कोणी गैरफायदा घेतला तर?"

माझाच सहा वर्षांपूर्वीचा प्रश्न. या वेळी मला वीस मिनिटं लागली नाहीत. "तर कोणी घेतला ते दिसेल," मी म्हटलं. "दाबणाऱ्याचं नाव तिथेच नोंदलं जाईल. बाई पाच वर्षं हाताने हेच करत आल्यात, आणि तपासलेल्या सहा महिन्यांत एका गोळीचाही फरक नाही. मला फक्त त्यांची वही यंत्रात घालायची आहे."

बराच वेळ खल झाला. बाईंना नियम मोडल्याबद्दल समज द्यायचं ठरलं आणि त्या कामावर राहिल्या. समजपत्रावर सही करताना त्यांनी मला विचारलं, की या समजेचा रकाना वहीत कुठे आखू.

नवं बटण दोन आठवड्यांत झालं. वही समोर ठेवून मी रकाने उतरवून काढले. पडद्यावर लिहिलंय, 'मी यांना ओळखते / ओळखतो', आणि खाली दाबणाऱ्याचं नाव. जुनी टीप पुसून टाकली. त्या म्हाताऱ्या औषधविक्रेत्यांचा नंबर शोधून फोन केला, माफी मागितली. त्यांना ती बैठक आठवत नव्हती. मला आठवत होती, तेवढं पुरे. ब्लॉगवरही लिहिलं सगळं. भांडायला कोणी आलं नाही, त्यामुळे बायकोला काळजी वाटली.

पहिल्या दिवशी मी आईबरोबर दवाखान्यात गेलो. घरातून निघताना म्हटलं, "आई, मला सांगायचंस ना."

"सांगून काय, तू रात्रंदिवस त्यातच बसला असतास." तिने माझी कॉलर सरळ केली. "आणि मला मिळत होत्या गोळ्या. खोटं कुठे बोलले?"

खिडकीपाशी बाईंनी तिला पाहिलं आणि थेट बटणाकडे हात नेला. "आजी, आता बोट नको. थांबायचं नाही, बसायचं नाही. लगेच देते."

"थांब गं," आई म्हणाली. तिने पदराला बोट पुसलं आणि काचेवर ठेवलं. लाल दिवा. पुन्हा ठेवलं. लाल. तिसऱ्यांदा ठेवलं, तसंच, जरा दाबून, मी त्या दिवशी धरलं होतं तसं. लाल.

"आई, ते नाही लागणार," मी म्हटलं. "नको ना लावूस."

"असू दे रे," ती म्हणाली. "तू केलंयस. आधी त्याला विचारायला नको?"

मग ती बाईंकडे वळली आणि मान हलवून म्हणाली, दाब आता. बाईंनी बटण दाबलं. खण उघडला. गोळ्या घेऊन आई बाकावर जाऊन बसली, आणि पिशवीतून घड्या घालायला आणलेले कागद काढले.